ऑनर्स घ्यावं की जीपीए सांभाळावा?

अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी आणि तिचे आईवडील. ती ऑनर्स प्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे नेहमीच्या पदवीसोबत काही विषय जादा खोलात आणि शेवटी थिसिस; त्यात टिकायला जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी श्रेणी, ठरावीक पातळीवर ठेवावा लागतो. वडिलांचं म्हणणं, "ऑनर्स सोडू नकोस, पुढे एमएसला उपयोगी पडेल." मुलीचं म्हणणं, "बाबा, जीपीए घसरला तर ऑनर्सही जाईल आणि एमएसही." असा वाद आला की घरचे मुलीच्या आत्मविश्वासावर बोलू लागतात. त्याआधी हिशेब मांडावा.

आम्ही तिला डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याची विद्यापीठाची यादी, उघडायला सांगितलं. अशा पदवीला साधारण १२० ते १३० क्रेडिट लागतात. एबेट या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेसाठी त्यातली किमान ३० गणित-विज्ञानाची आणि ४५ अभियांत्रिकीची हवीत, त्यामुळे मोकळी जागा थोडीच उरते. तिच्या ऑनर्सला २४ क्रेडिट हवी होती. त्यातली ६ गणित-भौतिकशास्त्राच्या ऑनर्स तुकड्यांत झालेली. ९ मानव्यविद्येची, ते विषय तिला तसेही घ्यायचेच होते, फक्त ऑनर्स तुकडी निवडायची. ३ 'कॉन्ट्रॅक्ट'ने, म्हणजे नेहमीच्याच विषयात प्राध्यापकांशी लेखी ठरवून केलेलं जादा काम. उरली ६ थिसिसची, आणि त्यातली ३ टेक्निकल इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे पदवीच्याच निवडीच्या तांत्रिक विषयांत, धरली जात होती. पदवीबाहेरचा बोजा निघाला ३ क्रेडिटचा.

तिची भीती मात्र खोटी नव्हती. ६० क्रेडिटवर जीपीए ३.६२, टिकायची अट ३.५. पुढच्या सत्रातल्या १५ क्रेडिटना सरासरी ३.० पडली तर एकूण ३.४९६ होतो. त्याच सत्रात थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स एकत्र होते, म्हणून कॉन्ट्रॅक्ट तिथून काढून एका हलक्या सत्रात टाकलं. अट मोडली तर लगेच नाव काढतात की सुधारायला एक सत्र मुदत (प्रोबेशन) देतात, आणि शिष्यवृत्ती किंवा होस्टेलची खोली ऑनर्सला बांधलेली आहे का, हे नियमपुस्तिकेत बघायला लावलं. आणखी एक घोळ निस्तरावा लागला: वडील ज्याला ऑनर्स समजत होते तो 'कम लाउडे' हा किताब बहुतेक ठिकाणी जीपीएवर मिळतो, त्याला या प्रोग्रॅमची गरज नसते.

मुलं ऑनर्स सोडतात ती बहुधा थिसिसपाशी. शेवटच्या वर्षी सप्टेंबरात गाइड शोधायला निघालं की प्रयोगशाळेतलं यंत्र आधीच बुक झालेलं असतं, सुटे भाग यायला आठवडे जातात आणि मोजमापं हाती येतात मार्चमध्ये, मसुदा मागायच्या वेळी. तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रातच (जानेवारीपासूनच्या) गाइड ठरवून, प्रस्तावावर सही घेऊन उन्हाळ्याआधी यंत्राची वेळ राखावी. एमएसच्या शिफारसपत्रात लिहिण्याजोगं काही मिळतं ते याच कामातून. नुसत्या ऑनर्सच्या शिक्क्याला तिथे तेवढं वजन नसतं, असं आमचं मत.

कॅपस्टोनलाच, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रकल्पालाच, थिसिस म्हणून दाखवायचा मोहही तिला होता. पण कॅपस्टोन गटाचा, थिसिस एकट्याचा. चालत असेल तर आपला वेगळा भाग कोणता, हे आधी लेखी मान्य करून घ्यावं लागतं. प्रकल्प कंपनीचा असला तर गोपनीयतेच्या करारामुळे थिसिस जमा करतानाच अडू शकतो.

तिने ऑनर्स ठेवलं. को-ऑपचं, म्हणजे कंपनीत पगारी काम करण्याचं, सत्र वसंतात येत होतं आणि ऑनर्सचं सक्तीचं सेमिनारही फक्त वसंतात असतं; ते पुढच्या वर्षी घेण्याची परवानगी ईमेलवर मागून तिने को-ऑपचा होकार कळवला.