'भूमिका' पाहिलेला असेल, तरी हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' वाचावं का?

तुम्ही विचारलंय की श्याम बेनेगलांचा 'भूमिका' हा सिनेमा दोनदा पाहून झालाय, तर तो ज्यावर बेतला ते अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन आता मुद्दाम मिळवून वाचण्यात अर्थ आहे का. आणि वाचलंच, तर त्यातलं किती खरं धरायचं.

वाचाच. मी ते तीनदा वाचलंय.

पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचलं, वाचनालयाची प्रत. पुठ्ठा सुटलेला, पाठीला खाकी कागद चिकटवलेला. घर सोडून मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाऊन राहिल्याचा भाग, दारूचा भाग, नवऱ्याशी झालेल्या भांडणांचा भाग, ही पानं बोटांनी काळवंडलेली होती. कोपरे दुमडलेले, समासात पेन्सिलीच्या रेघा. स्टुडिओतल्या कामाची पानं मात्र जवळपास कोरी. किती हातांतून ते पुस्तक गेलं असेल, पण बाईंनी ज्यात उभं आयुष्य घातलं ते काम कुणी थांबून वाचलेलं दिसत नव्हतं. मीही नाही वाचलं. मीही ती मळलेली पानंच शोधत गेले, दोन रात्रींत पुस्तक संपवलं आणि परत करून टाकलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा वाचलं ते आजीसाठी. तिला मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं आणि हंसाबाईंना तिने थिएटरात पाहिलेलं होतं. 'सांगत्ये ऐका' हा मुळात अनंत मान्यांचा 1959 सालचा तमाशापट. पुण्याच्या विजयानंद थिएटरला तो 131 आठवडे चालला. त्याचंच नाव पुढे पुस्तकाला दिलं. रोज दुपारी मी चार-पाच पानं मोठ्याने वाचायचे. तेव्हा कळलं की हे पुस्तक डोळ्यांनी वाचायचं नाहीच, कानांनी ऐकायचं आहे. नावातच बघा ना, 'सांगते' नाही, 'सांगत्ये'. छापायच्या भाषेत त्या 'त्ये'ला जागा नसते, बाईमाणसाच्या तोंडात असते. पुस्तक हंसाबाईंनी लिहिलेलं नाही, सांगितलेलं आहे. शब्दांकन अरुण साधूंचं. ते तेव्हा तिशीच्या आतले पत्रकार होते, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या अजून लिहायच्या होत्या. आधी 'माणूस' या नियतकालिकात आणि मग 1970 मध्ये पुस्तकरूपाने ते आलं. साधूंनी तो आवाज नीटनेटका करायच्या फंदात न पडता राहू दिला, याबद्दल त्यांचे मानावे तेवढे आभार थोडे.

आजीने पहिल्याच दिवशी मला मध्येच थांबवून विचारलं, "मग पैसे कोण घेत होतं?"

मी कधी तसा विचारच केला नव्हता. आजी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पहिल्या तारखेचा पगार पाकिटासकट सासूच्या हातात ठेवायची आणि महिनाभर बसच्या भाड्यालाही मागून घ्यायची. त्या प्रश्नानंतर पुस्तक मला उलगडत गेलं. रतन साळगावकर नावाची मुलगी, जन्म 1923 चा. घरात ओढाताण, म्हणून शाळा सुटते आणि 1936 मध्ये 'विजयाची लग्ने'मधून ती हंसा वाडकर म्हणून पडद्यावर येते. म्हणजे तेराव्या वर्षी घर तिच्या कमाईवर चालायला लागतं. पुढे लग्न होतं. तिला वाटतं, आता काम सोडून चारचौघींसारखा संसार करू. पण नवऱ्याला तिचं कामच हवं असतं. काम करायला लावायचं आणि कामावर जाते म्हणून संशयही घ्यायचा. ही कोंडी पुस्तकभर आहे. हंसाबाई ती कुठेही गळा काढून सांगत नाहीत. जेवणाखाणाचं सांगावं तशा सांगून पुढे जातात. आपणच मागे राहतो.

आता सिनेमाचं. स्मिता पाटीलचं ते काम मला फार प्रिय आहे, राष्ट्रीय पुरस्कार तिला उगीच नाही मिळाला. पण तिने साकारलेली 'भूमिका'ची नायिका उषा ही बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी घडवलेली बाई आहे. पटकथेला आकार लागतो. एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे आणि शेवटी एकटेपणाकडे, असा तो आकार आहे. तिथे काम हे पार्श्वभूमीला असतं. गाण्याचं चित्रीकरण चालू असतं आणि आपण वाट बघत असतो ती पुढच्या घरगुती प्रसंगाची. पुस्तकात असा आकार नाही. आठवेल तसं सांगणं आहे, मध्येच मागे जाणं आहे, एखादी मोठी गोष्ट दोन ओळींत उरकणं आहे. आणि कामाबद्दल बोलताना या बाईचा सूरच बदलतो. आधी थकलेली असते, ती ताठ बसून बोलायला लागल्यासारखी वाटते.

'प्रभात' कंपनीच्या 'संत सखू' या चित्रपटाचंच घ्या. साल 1941. कराडच्या सखूला पंढरीला जाऊ नये म्हणून सासरच्यांनी बांधून घातलं, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. ती सखू साकारणारी मुलगी तेव्हा अठरा वर्षांची आहे आणि तिच्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते आपण नुकतंच वाचलेलं असतं. हंसाबाई स्वतः ही जोड लावून दाखवत नाहीत, म्हणून ती जास्त लागते. आणि सहाच वर्षांनी, 1947 मध्ये, हीच बाई 'लोकशाहीर रामजोशी'त बया होते. संतिणीनंतर तमासगिरीण. त्या काळी पांढरपेशा घरांत लावणीचं नाव काढायची चोरी होती. 'रामजोशी'ने ती बोर्डावरची कला सहकुटुंब बघायला लावली आणि पुढे मराठीत तमाशापटांची रांगच लागली. तो चित्रपट बघायला मिळाला तर पुस्तकाच्या आधी बघा. बयेची नजर एकदा पाहिली की पुस्तकातला आवाज कुणाच्या तोंडचा आहे ते डोळ्यांसमोर राहतं.

खरं किती मानायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. सालं, क्रम, कोण कुठे काय म्हणालं, यात आठवणीवर विसंबलेल्या माणसाची चूक होऊ शकते, आणि ज्यांच्याबद्दल त्या बोलतात त्यांची बाजू पुस्तकात नाही. चित्रपटांची सालं ताडून बघता येतात, तेवढी बघा. मला विश्वास वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. खोटं सांगणारा माणूस स्वतःला सोयीचं सांगतो. हंसाबाई दारूचं सांगतात, घर टाकून गेल्याचं सांगतात, आपल्या हट्टाचं सांगतात. 1970 साली, मराठीत, एका बाईने, आपल्या नावानिशी! त्या वेळी वय पन्नाशीच्याही आत होतं. पुस्तक आल्यावर फार दिवस त्या जगल्या नाहीत. सहानुभूती मिळवायची असती तर यातलं निम्मं गाळून चाललं असतं.

जमलं तर याच्या जोडीला दुर्गाबाई खोट्यांचं 'मी, दुर्गा खोटे' वाचा. ते 1982 चं, म्हणजे त्यांच्या सत्याहत्तराव्या वर्षीचं. दुर्गाबाई माहेरच्या लाड, इंग्रजी शाळेत शिकलेल्या, मोठ्या घरात दिलेल्या. सासरची परिस्थिती खालावली, पदरात दोन मुलगे, म्हणून बोलपटात आल्या. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा'तली तारामती झाल्या आणि 'मुगल-ए-आझम'मधल्या जोधाबाईपर्यंत आणि त्याही पुढे काम करत राहिल्या. त्यांचं लिहिणं सावध आणि घरंदाज आहे, पाहुण्यांसमोर बसून बोलावं तसं. मला त्यात कमी काही वाटत नाही, उलट दोन्ही पुस्तकं एकामागून एक वाचली की दिसतं, गरज दोघींचीही पैशाचीच होती. एकीला दार उघडताना घराण्याचं नाव पाठीशी होतं आणि तेच नाव खाली पडू न देण्याचं ओझंही होतं. दुसरीला असलं काहीच नव्हतं, म्हणून लोकांनी तिला काहीही विचारलं आणि तिनेही मग सगळं सांगून टाकलं. एकाच धंद्यातल्या दोन बायकांच्या बोलण्यात एवढं अंतर कशाने पडतं, हा मला या वाचनातला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो.

तिसऱ्यांदा मी पुस्तक वाचलं ते गेल्या वर्षी, आजी गेल्यानंतर, आणि मुद्दाम फक्त ती कोरी पानं. स्टुडिओत वेळेवर हजर होणं, तालमी, एकेका दिग्दर्शकाकडून शिकणं. तुम्हीही पहिल्या वाचनात ती पानं भराभर उलटू नका, एवढंच माझं सांगणं.

आजीला मराठवाड्याचा भाग वाचून दाखवताना माझा आवाज जड झाला होता. तिथून सुटतानाही हंसाबाईंच्या वाट्याला जे आलं ते मोठ्याने वाचवत नाही. मी थांबले. मला वाटलं, आजीला रडू येईल, निदान ती काही बोलेल. ती भिंतीकडे बघत थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ते राहू दे आता. ती परत कामावर कधी गेली, ते वाच."