सोलापुरात राहून परदेशातल्या तरुण एकल मातांना शिवणकाम शिकवता येईल का?

तुमचा शिवणकामाचा आयटीआय झालाय आणि आफ्रिकेतल्या कमी वयात आई झालेल्या, एकटीनं मूल वाढवणाऱ्या मुलींसाठी काहीतरी करायचंय. मशिनींसाठी पैसे पाठवावेत, स्वतः जावं की त्यांना इकडे बोलवावं, असं तुम्ही विचारलंय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ गणवेश शिवण्याचा वर्ग चालवते. आमच्या एका विद्यार्थिनीचा भाऊ दार-ए-सलामला नोकरीला आहे. त्याच्या ओळखीतून गेली तीन वर्षं मी तांझानियात मोरोगोरोजवळच्या एका लहान केंद्राला दर बुधवारी व्हिडिओ कॉलवर शिकवते. त्यावरून सांगते, मुलींची लेकरं कोण सांभाळणार ते आधी बघा. मशिनींचं नंतर.

हे मला आधीच कळायला हवं होतं. मी स्वतः एकविसाव्या वर्षी मुलगा कडेवर घेऊन माहेरी आले. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप आणि पायाला पाळण्याची दोरी अशा बसलेल्या लहानपणापासून पाहिल्या. तरी मोरोगोरोच्या पहिल्या तुकडीच्या वेळी आम्ही फक्त मशिनी, कात्र्या आणि कापायचे पॅटर्न मोजत बसलो. १४ मुली आल्या, महिन्याभरात निम्म्या गळाल्या. कुणाच्या बाळाला ताप, कुणाची आई शेतावर जाणार म्हणून मूल ठेवायला जागा नाही. एक मुलगी पाठीवर बाळ बांधूनच मशीन चालवायची. मशीन पायाची. तिनं पायडल दाबलं की बाळ दचकायचं. पुढच्या तुकडीला आम्ही मशिनी कमी केल्या आणि त्या पैशातून गावातल्याच एका आजींना मुलं सांभाळायला पगारावर ठेवलं. ती तुकडी जवळजवळ पूर्ण टिकली.

या मुलींमागे काय आहे तेही समजून घ्या. तांझानियात गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेतून काढून टाकत, आणि बाळंतपणानंतर परत घेत नसत. ही बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. पण ज्या त्याआधीच बाहेर पडल्या त्यांची वर्षं गेली ती गेलीच. त्यांच्यासाठी तिथं चांगली कामंही चालू आहेत. १९७५ पासून स्वीडनच्या धर्तीवर उभी राहिलेली ५४ लोकविकास महाविद्यालयं आहेत. तिथं 'एलिमु हाइना म्विशो', म्हणजे 'शिक्षणाला अंत नाही', या नावाच्या उपक्रमात शाळा सुटलेल्या मुलींना धंद्याचं शिक्षण मिळतं आणि मुलांना सांभाळायची सोयही असते. तेव्हा नवीन संस्था काढू नका. जे चालू आहे त्याला हात लावा.

काय शिकवायचं याचा विचार नीट करा, कारण इथं भले भले चुकतात. पूर्व आफ्रिकेत युरोप-अमेरिकेतले वापरलेले कपडे गाठोड्यांनी येतात. त्यांना तिथं 'मितुंबा' म्हणतात. इतक्या स्वस्त शर्टापुढे नवशिक्या मुलीचा शर्ट विकला जात नाही. फ्रॉक-ब्लाउज शिकवून प्रमाणपत्र दिलं आणि पुढे काहीच झालं नाही, असे वर्ग पुष्कळ. गणवेशाचं तसं नाही. तो मितुंब्यात सापडत नाही. तांझानियात २०१६ पासून शाळेची फी नाही, पण गणवेश पालकांनाच घ्यावा लागतो. प्राथमिकला पांढरा शर्ट, गडद निळी चड्डी किंवा स्कर्ट. आणि गणवेश म्हणजे आपल्या सोलापूरचा हातखंडा! कॉलर ताठ राहण्यासाठी आतलं जाड कापड, म्हणजे बुकरम, कसं बसवायचं, कापड वाया न जाता २० नग एकदम कसे कापायचे, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल इतकं कापड खाली दुमडून कसं ठेवायचं, हे आपल्या कटिंग मास्तरांना झोपेतही येतं. मी त्या मुलींना दुसरं काही शिकवत नाही. जोडीला मितुंब्याचे कपडे उसवून मापात आणायचं काम त्यांनी स्वतःच सुरू केलं, आणि रोजचे पैसे त्यातून येतात.

भाषेची भीती बाळगू नका. माझ्या इथल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा सगळ्या बायका असतात. शिवण हातानंच शिकवायची असते. घोळ झाला तो वेळेचा. तिकडून 'आठ वाजता' असा निरोप आला आणि आम्ही सकाळी फोन लावून बसलो. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे आठ म्हणजे दुपारचे दोन, आपले साडेचार.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे एक दिवस नाच-गाणी आणि फोटो, असं करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आमच्याकडे ती कापडातून झाली. तिथल्या बायका अंगाला गुंडाळतात त्या छापील कापडाला कांगा म्हणतात. त्याच्या किनारीजवळ एक ओळ छापलेली असते, आणि त्याच कांग्यात त्या बाळ पाठीशी बांधतात. एकीनं तिचा कांगा कॅमेऱ्यापुढे धरला, त्यावर लिहिलं होतं 'नानी कामा मामा'. आमच्या पोरी खूप हसल्या. अर्थ कळला, 'आईसारखं कोण', तेव्हा दोघी-तिघी गप्प झाल्या. त्यातली एक त्याच आठवड्यात नवऱ्याचं घर सोडून आली होती. तिनं मला त्या कांगावाल्या मुलीला विचारायला लावलं, रात्री बाळ रडलं की तू काय करतेस? त्या दिवशी कॉलर राहून गेली.

त्यांना इकडे बोलवावं का? राजस्थानातल्या तिलोनियाला आफ्रिकेतल्या बायका सहा महिने सौरऊर्जेचं काम शिकायला येत, पण त्या बहुतेक आजी झालेल्या. अंगावर पिणारं मूल असलेल्या मुलीला हे जमणार नाही. तुम्ही जायचं तर पंधरा दिवसांसाठी जाऊ नका, केंद्राला तुमचीच सरबराई करावी लागते. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते आपले डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते तिथली भाषा शिकले. तेवढी तयारी असेल तर जा.

पैशाचं थोडक्यात. वैयक्तिक देणगी बँकेतून रीतसर पाठवता येते. पण इथल्या ट्रस्टमधून परदेशात खर्च करायचा असेल तर प्राप्तिकराची सूट आपोआप लागू होत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. सीएला आधी भेटा.

पुढच्या महिन्यात नवी तुकडी सुरू होते आहे. शिकवताना माझ्या हातांवर फोन स्थिर धरणारं कुणी नाही, आणि शिवण येणाऱ्यालाच कळतं की केव्हा सुईजवळ जायचं. बुधवारी चारपर्यंत या.