न्यू ब्रन्सविकच्या ‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणावे?

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट स्टीफन पॅरिशचा भूगोल आणि लोकसंख्या यांवर टिपण लिहिताना ‘पॅरिश’साठी ‘धर्मग्राम’ हा शब्द चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजात हा शब्द चांगला रुळलेला असून एका चर्चशी बांधलेल्या भाविकांच्या परिसरासाठी तो नेमका आहे. पण येथे तो चालणार नाही.

न्यू ब्रन्सविक १७८४ मध्ये नोव्हा स्कोशियापासून वेगळा झाला आणि १७८६ च्या कायद्याने तेथील काउंट्यांची (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची) पॅरिशांत विभागणी झाली. सेंट स्टीफन ज्या काउंटीत येते त्या शार्लट काउंटीत अँड्र्यू, डेव्हिड, जॉर्ज आणि पॅट्रिक हे स्कॉटलंड, वेल्स, इंग्लंड व आयर्लंडचे चारही संत पॅरिशांच्या नावांत आले, तेव्हा भाषांतरकाराचा गोंधळ होणे स्वाभाविकच. प्रत्यक्षात हे मुलकी विभाग होते आणि गोरगरिबांची सोय पाहण्यासारखी कामे त्यांच्याकडे असत. १९६७ पासून काउंटीचा कारभार संपला आणि पॅरिशही केवळ सीमारेषा म्हणून उरला. तेथे आज पॅरिशचा सरपंच नाही की पॅरिशचे कार्यालय नाही; जमिनीच्या दस्तांत आणि जनगणनेच्या तक्त्यांत मात्र नाव टिकून आहे.

आपल्याकडे याचे जवळचे नाते ‘तर्फ’ या शब्दाशी, म्हणजे काही गावांच्या जुन्या महसुली विभागाशी आहे. तर्फेचा कारभार कधीच इतिहासजमा झाला, तरी पालघरकडे ‘नांदगाव तर्फे तारापूर’ असे गावाचे नाव अजून लिहिले जाते. तरीही पॅरिशचे भाषांतर ‘तर्फ’ करावे असे मी म्हणणार नाही, कारण बहुतेक वाचकांना आज तो ‘च्या वतीने’ याच अर्थाने ठाऊक आहे.

लोकसंख्येबाबत अधिक जपायला हवे. कॅनडाची जनगणना पॅरिशच्या सीमेतील स्वतंत्र नगरपालिका वगळून उरलेल्या भागाचीच नोंद ‘पॅरिश’ या नावाखाली करते. २०२१ च्या जनगणनेत सेंट स्टीफन हे शहर आणि सेंट स्टीफन पॅरिश अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. म्हणून ‘सेंट स्टीफन शहर ज्या पॅरिशमध्ये आहे त्याची लोकसंख्या’ असे लिहून पॅरिशचा आकडा दिला, तर वाक्य सरळसरळ चुकते. नकाशावर शहर आत दिसते, आकड्यात ते नसते.

क्वेबेकमधील ‘पॅरिश’ हा आणखी निराळा प्रकार आहे. तेथे हे नाव निवडून आलेले मंडळ असलेल्या स्थानिक संस्थेला लागते, त्यामुळे ‘पॅरिश नगरपालिका’ म्हणणे योग्य ठरते.

न्यू ब्रन्सविकसाठी मूळ शब्दच ठेवून पहिल्या उल्लेखाला असे लिहावे: ‘सेंट स्टीफन पॅरिश हा शार्लट काउंटीतील एक भौगोलिक विभाग असून, पुढील लोकसंख्येत त्याच नावाच्या शहराचा समावेश नाही.’