‘टॉवर’ म्हणजे बनवणारा नव्हे

ठासणीच्या ब्रिटिश लष्करी पिस्तुलावर ‘टॉवर’ आणि मुकुटाखाली ‘जीआर’ दिसलं की नवखे लगेच सन सांगून मोकळे होतात. घाई करू नका. ‘टॉवर’ म्हणजे टॉवर ऑफ लंडन, सरकारी शस्त्रागार. कारागिराचं नाव नव्हे. ‘जीआर’ म्हणजे राजा जॉर्ज, आणि 1714 ते 1830 या काळात ओळीने चार जॉर्ज होऊन गेले! तेवढ्यावरून काळ ठरत नाही; लॉकचा (बार उडवणाऱ्या यंत्रणेचा) आकार, नळीची लांबी, पितळी साज हेही बघावं लागतं.

बाणाच्या टोकासारखी खूण सरकारी मालकीची. असे दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते हत्यार सरकारने विकून टाकलेलं. पत्त्यांतल्या बदामाच्या आकारातली अक्षरं किंवा मागच्या पायांवर उभा सिंह दिसला तर ईस्ट इंडिया कंपनीचा माल समजा.

नळीवरचे ठसे वेगळे, ते नळी बंदुकीच्या दारूचा स्फोट सोसते का, या चाचणीचे. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 चं, त्यामुळे त्याचा ठसा त्याआधीचा असूच शकत नाही.

ठसा खरा की मागाहून मारलेला? आजूबाजूचा पृष्ठभाग गंजून खड्डे पडलेला आणि ठसा मात्र कोरा करकरीत, तर मला शंका येते. भिंग घ्या, उजेड तिरका पाडा. पॉलिश मात्र अजिबात नको, त्याने अर्धी ओळख पुसली जाते.

आणि हो, आधी नळीत गज घालून खोली मोजा. जुन्या पिस्तुलात कधीकधी बार भरलेला राहून गेलेला असतो.