भुईमुगाचे ‘किरणोत्सारी’ वाण आणि लासलगावचा कांदा : शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तर

उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीपूर्वी काही शेतकरी बांधवांनी तीन शंका विचारल्या आहेत. टीएजी-२४ सारखे वाण किरणोत्साराने तयार झाले असल्याने त्याचे दाणे खाण्यास किंवा त्याचा पाला जनावरांना घालण्यास धोका आहे का? घरचे बियाणे विकिरण केंद्रात नेऊन किरण दिल्यास उत्पादन वाढेल का? आणि लासलगावला विकिरण केलेला कांदा बीजोत्पादनासाठी लावता येईल का?

पहिली शंका निराधार आहे. छातीचा एक्स-रे काढल्याने माणूस किरणोत्सारी होत नाही, तसेच कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांनी बियाणेही होत नाही. किरण आरपार जातात आणि मागे उरतो तो केवळ पेशींतील आनुवंशिक द्रव्यात झालेला बदल. शिवाय आपण पेरतो त्या बियाण्याला किरण दिलेलेच नसतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या भुईमुगावर क्ष-किरणांचा प्रयोग झाला, त्यातून निवडलेला टीजी-१ हा वाण १९७३ मध्ये प्रसारित झाला, आणि पुढे अशा उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेल्या) वाणांच्या आपसांतील संकरातून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने, १९९१ मध्ये टीएजी-२४ आला. तेव्हापासून त्याचे बियाणे शेतातच वाढत आले आहे. उडदाचा टीएयू-१ (१९८५) हाही याच पठडीतला असून विदर्भात त्याची डाळ वर्षानुवर्षे खाल्ली जात आहे.

दुसऱ्या शंकेला मात्र स्पष्ट नकार द्यावा लागतो. किरणांमुळे होणारा बदल कोणत्या जनुकात होईल हे कोणाच्याच हातात नसते, आणि बहुतेक बदल पिकाला अपायकारकच ठरतात. किरण दिलेले बियाणे पेरल्यावर पहिल्या पिढीत उगवण घटते, रोपे खुजी राहतात, पानांवर पांढुरके-पिवळे पट्टे दिसतात आणि काही झाडे वांझ निघतात. उपयोगी गुण बहुधा अप्रभावी, म्हणजे पहिल्या पिढीत दबून राहणारे, असल्याने ते दुसऱ्या पिढीत प्रथम डोळ्यांना दिसतात. हजारो झाडांतून असे एखादे झाड हेरणे, त्याचा गुण पुढील पिढ्यांत टिकतो का हे पाहणे आणि ठिकठिकाणी चाचण्या घेणे यात पैदासकाराची अनेक वर्षे जातात. बाजारात कोणी ‘किरण दिलेले जादा उत्पादनाचे बियाणे’ म्हणून पिशवी दाखवली, तर त्यावर प्रमाणीकरणाची खूणचिठ्ठी व वाणाचे नाव आहे का ते पाहावे. नसल्यास घेऊ नये. भुईमूग स्वपरागसिंचित असल्याने प्रमाणित बियाणे एकदा घेऊन, भेसळीची झाडे उपटून टाकत, पुढील दोन-तीन वर्षे घरचेच वापरता येते. टीएजी-२४ साठी हेक्टरी सुमारे १०० किलो बियाणे, ३० बाय १० सें.मी. अंतर आणि पेरणीपूर्वी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (जैविक बुरशीनाशक) ही शिफारस पाळल्यास जो फायदा होईल, तो कोणत्याही किरणांनी होणार नाही.

कांद्याची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे चूक महागात पडते. लासलगावच्या केंद्रात कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) इतकीच मात्रा दिली जाते, तर भुईमुगाच्या कोरड्या बियाण्यात उत्परिवर्तन घडवताना संशोधक दोनशे-तीनशे ग्रेपर्यंत जातात. मग कमी मात्रेने कांद्याचे इतके नुकसान का होते? कोरड्या बियाण्यातील गर्भ निद्रिस्त असतो, त्यात ओलावा अत्यल्प असतो आणि त्यामुळे तो बराच मारा सोसतो. कांद्याच्या पोटातील कोंबाच्या पेशी ओलसर व विभाजनास सज्ज असतात, म्हणून थोड्याच मात्रेने त्यांची वाढ कायमची खुंटते. साठवणुकीत कोंब फुटू नयेत हाच तेथील हेतू असल्याने असा कांदा खाण्यास उत्तम, परंतु लावल्यास त्याला फुलांचा दांडा येणार नाही. बीजोत्पादनासाठीचे मातृकंद काढणीच्या वेळीच, एकाच रंगाचे व बारीक मानेचे, निवडून वेगळ्या चाळीत ठेवावेत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावण्यासाठी व्यापाऱ्याकडून कंद घ्यायचे झाल्यास त्यांवर विकिरण झालेले नाही याची लेखी खात्री करून घ्यावी. शंका असल्यास पाच-दहा कंद ओल्या वाळूत ठेवून कोंब फुटतात का ते आधी पाहावे.