मेकॅनिकल झाल्यावर रोबोट मॅनिप्युलेशनमध्ये, म्हणजे रोबोटने वस्तू हाताळण्यावर, संशोधन करता येईल का, की आधी कॉम्प्युटर सायन्सकडे वळावं लागेल?

वळू नका. मी मुंबईतच मेकॅनिकल केलं, एमटेकला कंट्रोल सिस्टिम्स हा विषय घेतला आणि पीएचडी ग्रास्पिंगवर केली, म्हणजे रोबोटने वस्तू धरायची कशी यावर. "रोबोट म्हणजे शेवटी कोडच ना?" हे घरच्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय, त्यामुळे जरा तोंड सुटलं तर चालवून घ्या.

आमच्या लॅबमध्ये अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी उचलायचं काम होतं. शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटरवाला मित्र म्हणायचा, डेटा वाढव, न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) आपोआप शिकेल. सिम्युलेशनमध्ये त्याचा हात झकास चालायचा, कारण तिथली पिशवी म्हणजे गुळगुळीत ठोकळा. खरी पिशवी फ्रीजमधून काढली की जुलैच्या हवेत लगेच ओली होते. सक्शन कप सुरकुतीवर बसला की कडेने हवा शिरते, व्हॅक्यूम धरत नाही. दोन बोटांच्या ग्रिपरने पोट दाबलं की दूध दुसरीकडे पळतं. जोर वाढवला की जोड फुटतो, मग बसा फरशी पुसत. मी म्हटलं, पोटाला हातच लावू नका. दूधवाला धरतो तशी वरची चिकटलेली पट्टी चिमटीत धरा. पिशवी लोंबकळली की दूध खाली बसतं, आकार ठरतो, आणि वजन पेलायला बोटांवरच्या रबराचं घर्षण पुरतं. उचलली! इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आहे हे.

तो अजूनही म्हणतो, डेटा कमी पडला. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं २०१७चं डेक्स-नेट २.० दाखवतो, म्हणजे वस्तू कुठे धरायची हे सांगणारं, ६७ लाख कृत्रिम नमुन्यांवर शिकवलेलं नेटवर्क. अरे बाबा, त्यातली कुठली पकड चांगली हे ठरवलं कशाने? संपर्क आणि घर्षणाच्या गणितानेच ना?

तेव्हा घर्षणशंकू (बोट न घसरता कुठल्या दिशांना जोर लावता येतो), फोर्स क्लोजर (कुठूनही धक्का आला तरी टिकणारी पकड) आणि जॅकोबियन (सांध्यांच्या वेगावरून बोटाच्या टोकाचा वेग काढायचं गणित) पक्कं करा. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी वस्तू लांबून हाताळायचे मॅनिप्युलेटर बनतात, त्या कामाबद्दल जरूर वाचा.

हां, पायथन, सी++ आणि आरओएस (रोबोट चालवायला वापरतात ते सॉफ्टवेअर) यायलाच हवं, नाहीतर कुठलीच लॅब दारात उभं करणार नाही. आणि तुमचा ओढा पकडीपेक्षा कॅमेऱ्यातून वस्तू ओळखण्याकडे असेल, तर वरचं सगळं सोडा, कॉम्प्युटर सायन्सच घ्या. माझ्या मित्राला मात्र हे सांगू नका.