गाडीचं काय ते विचारा: चार भोकं दिसली म्हणून मॅगव्हील बसत नाही

प्रश्न: माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली फोर्डची फिगो आहे, २०१६चं मॉडेल. स्टीलच्या रिम काढून मॅगव्हील (अलॉय रिम) टाकायचेत. ओळखीतला एक जण आय-ट्वेंटीचा कंपनीचा सेट स्वस्तात देतोय, म्हणतो चार नट याला चार नट त्याला, बसणार की. घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नका घेऊ, फुकट दिला तरी नको. चार नट दोन्हीकडे आहेत हे खरं, पण ते नट ज्या गोलावर बसतात त्या गोलाचा व्यास दोन्ही गाड्यांचा वेगळा आहे आणि त्यालाच पीसीडी म्हणतात. आय-ट्वेंटीचा ४×१०० (चार नट, १०० मिमीचा गोल), फिगोचा ४×१०८, इकोस्पोर्टचाही तोच. आठ मिमीचा फरक म्हणजे प्रत्येक स्टड (नट ज्यावर चढतो तो गाडीकडचा आटेदार दांडा) भोकाच्या मध्यापासून चार मिमी सरकलेला, चाक स्टडवर चढणारच नाही. "भोकं जरा मोठी करून देतो" असं कुणी म्हणालं तर गाडी स्टार्ट करा आणि निघा तिथून. दुसरं म्हणजे रिमचं मधलं मोठं भोक, सेंटर बोअर. आय-ट्वेंटीच्या रिमचं ५४.१ मिमी आणि फोर्डचा हब (गाडीकडचा मधला गोल उंचवटा, ज्यावर रिम बसते) ६३.४, म्हणजे पीसीडी जुळला असता तरी रिम हबवर अडलीच असती.

फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ४×१०८ हा पीसीडी मारुती-ह्युंदाईला चालत नाही, त्यामुळे तुमच्या मापाचा माल दुकानात कमी दिसेल. मग दुकानदार आठ भोकांची रिम काढतो. ती वाईट नसते, एकाच रिमवर दोन पीसीडी पाडलेले असतात. पण कुठली जोडी आहे ते विचाराच, कारण ४×१०० आणि ४×१०८ अशी येते तशीच ४×१०० आणि ४×११४.३ अशीही येते, आणि भिंतीवर टांगलेली असताना दोन्ही सारख्याच दिसतात. स्वतः मोजा, अवघड नाहीये. चार नटांच्या रिमला एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी लावली की पीसीडी मिळाला. पाच नटांना समोरासमोर भोक नसतं, तिथे शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७ने गुणायचं. ५८.८ आलं तर १००, ६७.२ आलं तर ११४.३. फक्त ११२ला हेच अंतर ६५.८ येतं, म्हणजे ११२ आणि ११४.३मध्ये दीड मिमीचाही फरक नाही, तिथे शिंप्याच्या टेपने मोजू नका, व्हर्नियर (मिमीच्याही आतलं मोजणारी पट्टी) लावा.

प्रश्न: वडिलांची जुनी पॅलिओ अजून ठणठणीत चालते. तिला मॅगव्हील टाकले, बोल्ट सगळे टाईट बसले, पण ७०-८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, फरक नाही. टायर खराब असतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: टायरच्या आधी रिमवरचा आकडा बघा. आतल्या बाजूला पीसीडी कोरलेला असतो, तिथे ४×१०० दिसलं तर थरथरीचं कारण बहुतेक तेच. पॅलिओ फियाटची, तिचा पीसीडी ४×९८. फरक दोनच मिमी, म्हणजे एका भोकामागे एक मिमी, आणि हाच सगळ्यात घातक फरक कारण चाक बसतं! आठ मिमीवाला निदान दारातच अडतो, दोन मिमीवाला आत येऊन बसतो.

बोल्ट कसा बसतो बघा. बोल्टचं डोकं खाली निमुळतं असतं आणि रिमच्या भोकालाही तसाच उतार असतो, दोन्ही गोल सगळीकडून टेकले की चाक मध्यावर येऊन घट्ट धरलं जातं. पीसीडी चुकला की पहिला आवळलेला बोल्ट चाक आपल्याकडे ओढून घेतो, बाकीचे तिरके शिरतात आणि एकाच कडेला टेकतात. हाताला टाईट लागतं, पाना कडक होतो, पण तो कडकपणा घासण्याचा असतो, पकडीचा नसतो. एक बोल्ट काढा आणि भोकाच्या उतारावरचा रंग बघा. बरोबर बसलेल्या बोल्टचा घासल्याचा पट्टा सगळीकडून सारखा गोल दिसतो, तुमच्या रिमला एका बाजूलाच चंद्रकोर चमकत असेल आणि समोरच्या बाजूचा रंग कोरा असेल. तशी कोर दिसली तर तो सेट त्याच दिवशी उतरवा आणि जुन्या स्टीलच्या रिम चढवा. तिरका बोल्ट चाकाच्या प्रत्येक फेरीला थोडा वाकतो, सरळ होतो, परत वाकतो, आणि असा धातू एक दिवस न सांगता तुटतो.

बॅलन्सिंगने हे जाणार नाही, कारण मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूसारखा तुकडा घालून धरतात, तिथे ते अगदी मध्यावर असतं, गाडीवर मात्र सरकलेलं. बोल्टही बदला, ते वाकलेले असू शकतात. आणि नवीन सेट घेताना सेंटर बोअर बघा. पॅलिओचा हब ५८.१चा, बाजारातल्या रिमचं भोक बऱ्याचदा त्याहून मोठं असतं कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मधल्या फटीसाठी हब रिंग मिळते, ती घालून घ्या. दुकानदार म्हणेल गरज नाही, पण चाक मध्यावर आणून बसवायचं काम ती सोपं करते, शंभर-दोनशे रुपयांसाठी वाद घालू नका.

प्रश्न: स्विफ्टला १५ची रिम आहे, १७ टाकू का १६? इंटरनेटवर स्विफ्टचा पीसीडी ५×११४.३ दिसतोय, गोंधळ झालाय.
– एक वाचक, पुणे

उत्तर: तो बाहेरच्या देशातला स्विफ्ट स्पोर्टचा आकडा असणार, आपल्या इथल्या स्विफ्टला चार नट, ४×१००, सेंटर बोअर ५४.१. दारात जाऊन नट मोजले असते तरी कळलं असतं, असो.

मी १६ घेईन. तुमचा १८५/६५ आर१५ टायर उभा ६२१.५ मिमी भरतो आणि १९५/५५ आर१६ भरतो ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटरला कळणारही नाही. १७ला २०५/४५ घातलात तर उंची ६१६ येते, तेही चालून जाईल, पण टायरची साइडवॉल (रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर) १२० मिमीवरून ९२वर येते आणि पुण्यातल्या पावसाळी खड्ड्यांत ते २८ मिमी रिमनेच भरून द्यायचे. मला १७ दिसायला आवडतात, पण ते फोटोत.

ऑफसेट सांभाळा, म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते; हा आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. रिमवर ईटी लिहून पुढे आकडा असतो. समजा जुनी रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५, आणि नवीन सात इंच ईटी ३५ घेतली, तर दीड इंच रुंदीतला अर्धा वाटा म्हणजे १९ मिमी बाहेर, वर ऑफसेटचे १०, एकूण २९ मिमी चाक बाहेर आलं आणि आतल्या बाजूलाही ९ मिमी सरकलं. एकटे असताना काही होणार नाही, मागे तिघं बसवून स्पीडब्रेकरवरून गेलात की चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला (आर्चला) टायर घासल्याचा आवाज येईल. भर स्पेसरने (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती) काढू म्हणणाऱ्याचं ऐकू नका, स्पेसर चाक अजून बाहेरच ढकलतो. रिमवर आयएसआयचा शिक्का आणि एका चाकाची वजन पेलण्याची क्षमता किलोमध्ये लिहिलेली असावी, नसेल तर ठेवा तिथेच. विमा कंपनीलाही कळवून ठेवा.

प्रश्न: होंडा सिटीला बाहेरचे मॅगव्हील घेतलेत, नट कंपनीचेच वापरले तर चालतील ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही. होंडाच्या कंपनीच्या नटाचं तोंड चेंडूसारखं गोल असतं, बाजारातल्या बहुतेक रिमला ६० अंशांचा सरळ निमुळता उतार लागतो. गोल नट तिथे रेघेवर टेकतो आणि हळूहळू ढिला होतो. एम१२×१.५ आटे (१२ मिमी जाडी, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर), निमुळतं तोंड असे नवीन नट घ्या, मारुतीचे १.२५ आट्याचे उचलू नका, दोन फेरे जातील आणि आटे खातील. १०८ न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळून घ्या, ती हवेची गन मारून मोकळे होतात ना त्यांना थांबवा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत एकदा तपासा. जुने नट मात्र फेकू नका, स्टेपनी अजून कंपनीची आहे आणि तिला तेच लागतील, पिशवीत घालून डिकीत टाका.